नाग दूध पितो काय?

धम्मबांधवहो, दीक्षेनंतर आपल्या घरांतून देव्हारे गेले, नागपंचमीला वारूळ पूजणेही बऱ्याच ठिकाणी थांबले. परंतु सापाविषयीच्या समजुती काही गेल्या नाहीत. साप डूख धरतो, दूध पितो, हे म्हातारी माणसे अजून सांगतात आणि पोरे ऐकतात.

वस्तुस्थिती काय आहे? साप हा मांसाहारी प्राणी. उंदीर, बेडूक हे त्याचे भक्ष्य. दूध त्याला पचत नाही. गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून कोंडून ठेवीत. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते पीत असे. डूख धरण्याइतकी स्मृतीही त्याला नाही.

या समजुतींपायी जीव जातो तो बहुधा सापाचा. एका समजुतीने मात्र माणसाचा जातो. साप चावला की कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, कडू लागेना तर विष चढले. पुढे मांत्रिक. त्याला यश का येते, याचा विचार करा. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. जो मरणारच नव्हता तो मंत्राने वाचला म्हणून गावभर होते. जो मेला, त्याचे नशीब!

मण्यारीची गोष्ट तर फार वाईट. ती रात्री, भुईवर निजलेल्या माणसाला चावते. सूज नाही, वेदना जवळजवळ नाही, पाला कडूच लागतो. घरचे निर्धास्त होतात. काही तासांनी पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो.

विनयपिटकाच्या महावग्गात सर्पदंश झालेल्या भिक्खूची हकीकत आहे. भगवंतांनी त्याला शेण, मूत्र, राख आणि माती हे त्या काळचे औषध देण्याची अनुज्ञा दिली. आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून केलेले इंजेक्शन आहे. खंधपरित्त जरूर म्हणावे, पण दवाखान्याच्या वाटेवर.

चावलेल्या हातापायाला काठी बांधून तो स्थिर ठेवावा. घट्ट दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, रोग्याला चालवू नये. पावसाळ्यात लेकरांना खाटेवर निजवावे व मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी.