मोबाइलवरचा कामाचा फळा

कार्तिकी एकादशीला साजगावची बोंबल्या विठोबाची यात्रा सुरू होते. दुकान वेळेवर लागले नाही, तर गिऱ्हाईक शेजारी जाते. म्हणून कामे आधीच मांडू.

मोबाइलवरच्या फळ्यात तीन रकाने करावे : करायचे, चालू, झाले. एका चिठ्ठीवर एकच काम. ‘दुकानाची तयारी’ असे मोघम लिहू नये. ‘ताडपत्री आणणे’ असे लिहावे. खाली करणाऱ्याचे नाव नि तारीख घालावी.

‘चालू’ रकान्यात किती चिठ्ठ्या? आम्हांला तीन पुरे वाटतात. एक संपली की मगच दुसरी उचलावी. जपानच्या टोयोटा कारखान्यात अशाच चिठ्ठ्या निघाल्या. त्यांना कानबान म्हणतात. मागणी आली, तेवढाच माल पुढे जाई.

ताडपत्रीची चिठ्ठी चार दिवस हलली नाही? मग थोरल्याला विचारा, अडले कुठे? पैसे कमी पडले असतील. हे एकादशीच्या आधीच कळलेले बरे.