परदेशी भाषाशाळेची नोकरी कशी पारखावी?

घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि लोकलमध्ये हिंदी, अशी आमची मीरा रोडची पिढी वाढली. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ‘तुझं इंग्लिश छान आहे गं’ हे लहानपणापासून ऐकत आले. आता या छान इंग्लिशला बाहेर गिऱ्हाईकही आहे. व्हिएतनाम, थायलंड, चीन, जपान इथल्या खासगी भाषाशाळा इंग्लिश शिकवायला परदेशातून माणसं घेतात. प्लेसमेंट लांबलं तर डिग्रीनंतर वर्षभर तिकडे शिकवून यावं, अशी चर्चा आपल्या हॉस्टेलमध्येही चालते. कल्पना वाईट नाही. पण मित्रमैत्रिणींनो, लॅबमध्ये साधा रेझिस्टरसुद्धा आपण मीटर लावून बघतो. मग जी शाळा डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिच्या भरवशावर विमानात बसण्याआधी काही टेस्टिंग नको का?

आपण सहसा काय बघतो? शाळा मोठी आहे का, ऑफिस चकाचक आहे का, पगार किती. या तिन्हींवर विसंबून चालत नाही. त्याची दोन उदाहरणं देते.

पहिलं जपानचं. ‘नोवा’ ही तिथली सर्वांत मोठी इंग्लिश संभाषण शाळा. १९८१ साली सुरू झालेली, देशभर शाखा, टीव्हीवर गुलाबी सशाची जाहिरात. जून २००७ मध्ये विद्यार्थ्यांशी केलेल्या करारांतल्या गैरप्रकारांबद्दल सरकारने तिच्या व्यवसायावर अंशतः बंदी घातली. मग पगार लांबू लागले आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी कंपनीने कोर्टात हात वर केले. सुमारे ४,००० परदेशी शिक्षक एका रात्रीत अधांतरी झाले. कित्येकांच्या पगारातून घरभाडं कापलं जात होतं, पण घरमालकापर्यंत ते पोचतच नव्हतं. पगार नाही आणि वर घर सोडायची नोटीस! शेवटी काही शिक्षकांनी जेवणाच्या बदल्यात धडे दिले. म्हणजे नुसत्या मोठेपणावर जाऊ नये.

दुसरं उदाहरण आमच्या दाराशी घडलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना ‘आम्ही इन्कम टॅक्सवाले’ म्हणून धमकावून पैसे उकळत होते. सातशेहून अधिक मुलामुलींना चौकशीसाठी ताब्यात घेतलं. ऑफिस होतं, शिफ्ट होती, पगार होता, आणि भरतीची अट काय, तर चांगलं इंग्लिश! म्हणजे जे आपलं भांडवल, तेच फसवणाऱ्यालाही हवं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जो इशारा दिला, तो तर थेट आयटी शिकलेल्या तरुणांसाठी होता. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स’ची नोकरी सांगून मुलांना बेकायदा म्यानमारमध्ये नेलं जात होतं.

मग पारखायचं कशावरून? माझ्या मते एकच प्रश्न विचारावा : या व्यवहारात जोखीम कोण घेतंय? चांगला मालक तुम्ही घर सोडण्याआधी स्वतःचं नाव, सही आणि खर्च कागदावर घालतो. वाईट मालक सगळी जोखीम तुमच्यावर टाकतो आणि ‘इथे आल्यावर बघू’ म्हणतो. याच सूत्रातून पुढच्या पाच चाचण्या निघतात.

१. व्हिसा कोणता? नोकरीला नोकरीचाच व्हिसा लागतो. जपानमध्ये बोलावणारी शाळा आधी तिथल्या इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र काढून पाठवते. चीनमध्ये कामासाठी ‘झेड’ व्हिसा असतो. ‘टुरिस्ट म्हणून या, वर्क परमिट मागून करू’ असं कोणी म्हटलं, तर तिथेच थांबा. तुम्ही बेकायदा कामगार ठरलात की पगार बुडाला तरी पोलिसात जाता येत नाही. शाळेला ते पक्कं ठाऊक असतं.

२. पैसा कुठून कुठे जातो? नोकरीत पैसा मालकाकडून आपल्याकडे येतो. भारतातून परदेशी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. त्याने घ्यायच्या शुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे, आणि पावती मिळालीच पाहिजे. शिकवण्याचं प्रमाणपत्र काही देश खरोखर मागतात. पण ‘ते आमच्याकडूनच विकत घ्या’ अशी अट असेल तर शाळेचा खरा धंदा कोणता, ते ओळखा.

३. करारात काय आहे? महिन्याच्या आकड्यावर जाऊ नका. शिकवण्याचे तास किती आणि शाळेत बसायचे किती? वर्ग रद्द झाला तर पैसे मिळतात का? भाडं पगारातून कापणार असतील तर घर कोणाच्या नावावर? मध्येच सोडलं तर दंड किती? करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यास कोणती प्रत धरणार, हेही वाचा.

४. तिथे शिकवणारे काय म्हणतात? शाळेने निवडून दिलेल्या माणसाशी नाही, तुम्ही शोधलेल्या दोघांशी बोला. त्यातला एक भारतीय असावा, कारण अमेरिकन शिक्षकाचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही. ‘शाळा कशी आहे?’ विचारलं की ‘छान’ असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या तीन महिन्यांचा पगार कोणत्या तारखेला जमा झाला?’ नोवाच्या बाबतीत हा प्रश्न सप्टेंबर २००७ मध्ये कोणी विचारला असता तर सगळं कळलं असतं.

५. मूळ कागद कोण मागतंय? पासपोर्ट आणि मूळ डिग्री शाळेच्या कपाटात ठेवायला द्यायची नाही. व्हिसाचा शिक्का मारण्यापुरता पासपोर्ट देणं वेगळं आणि ‘सुरक्षित राहील’ म्हणून ठेवून घेणं वेगळं.

या चाचण्या आमच्या सोसायटीतल्या एका ताईच्या वेळी उपयोगी पडल्या. ती बी.एड. आहे. एका शाळेत अगदी कमी पगारावर शिकवते. तिला बाहेरच्या एका भाषाशाळेची ऑफर आली. एजंटला ८५,००० रुपये द्यायचे, टुरिस्ट व्हिसावर जायचं, करार तिथे पोचल्यावर. काका एफडी मोडायला निघाले होते. आम्ही दोघींनी बसून शाळेला तीन प्रश्न लिहिले : वर्क परमिट आधी मिळेल का, कराराची प्रत पाठवाल का, आणि एका भारतीय शिक्षकाचा नंबर द्याल का? उत्तर एका ओळीचं आलं, ‘सगळे असेच येतात.’ ताईने नाही कळवलं. आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही, कारण सहा महिन्यांतली ती एकच ऑफर होती. ती शाळा खरीही असेल. पण सगळी जोखीम काकांच्या एफडीवर आणि ताईवर होती, शाळेवर काहीच नव्हती. आता ती दुसऱ्या एका शाळेशी बोलतेय, आणि पहिल्याच ई-मेलमध्ये तिने वर्क परमिटचं विचारलंय.

आपल्यासाठी एक गोष्ट खास महत्त्वाची. दहावी पास माणसाचा पासपोर्ट ‘ईसीएनआर’ गटात येतो, म्हणजे उत्प्रवास मंजुरी लागत नाही. कमी शिकलेला मजूर आखातात निघाला की त्याचे कागद सरकारी अधिकारी बघतो. आपले कोणी बघत नाही. शिकलेला माणूस स्वतःच वाचून घेईल असं सरकारने धरलेलं आहे. तेव्हा वाचायचं काम आपलंच.

मदत मात्र जवळ आहे. एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर दिसतं. उत्प्रवासी संरक्षकांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. मीरा रोडहून लोकलने वांद्रे आणि पुढे बस किंवा रिक्षा, एका सकाळचं काम. त्या देशातल्या भारतीय वकिलातीला ई-मेल करून शाळेबद्दल विचारता येतं. आणि तिकडे जाऊन अडकलात तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे.

जरूर जा. जग बघा, चार पैसे कमवा, तिकडची भाषा शिकून या. फक्त तिकीट काढण्याआधी व्हिसा, करार आणि पगाराची तारीख हे तीन कागद टेबलावर मांडून घरच्यांना मराठीत समजावून सांगा. सांगताना जिथे अडखळाल, तोच प्रश्न शाळेला लिहून विचारा.