जांभळी सावली

बाळा, सोमवारपासून तू अंधेरीला सीप्झमध्ये कारागिरांच्या बाकावर बसणार. तिथं मोठ्या भट्ट्या असतील, यंत्रं असतील. तरी हातानं झाळायची वेळ येईलच, आणि तेव्हा चांदीवर जांभळी सावली धरू शकते. घाटकोपरच्या माझ्या खोलीत जे शिकलो ते तुला सांगून ठेवतो.

९२५ची चांदी म्हणजे हजारात ७५ भाग हीण, बहुतेक तांबंच. आच लागली की प्राणवायू तापल्या चांदीतून आत शिरतो आणि त्या तांब्याला गाठतो. वरचं काळं ॲसिडात निघून जातं, आत मुरलेलं लाल मात्र तसंच राहतं. वर चांदीचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून लगेच दिसतही नाही. तीच ही जांभळी सावली. हीण जितकं जास्त, तितकं जपायचं.

ऐन लग्नसराईत मी जोडव्यांचे बारा जोड झाळले, चकचकीत केले आणि देण्याआधी खिडकीशी पांढऱ्या कागदावर मांडले. प्रत्येकावर जांभूळ खाल्लेलं बोट टेकल्यासारखा डाग! रात्रभर कानस चालवली. डाग गेले, पण नक्षीची धारही गेली आणि वजनही उतरलं. तेव्हापासून पॉलिश अर्धं झालं की कागदावर धरून बघतो.

खरं काम आच पेटवण्याआधीचं. वस्तू घासून स्वच्छ कर, मग चिमट्यानंच धर. बोटाचं तेल लागलं तिथं लेप बसत नाही. बोरिक पावडर स्पिरिटमध्ये घालून बाटली हलव, तळाशी थोडी न विरघळता उरेल इतकी घाल. पावडर केमिस्टकडची घे. कॅरमची नको, त्यात स्टार्च असू शकतो. वस्तू गार असतानाच बुडव, बाहेर काढ, बाटलीचं झाकण घट्ट लावून ती लांब ठेव, आणि मगच पेटव. हिरवी ज्योत उठते आणि मागं पांढरा थर राहतो. कुठं उघडं दिसलं तर पुन्हा बुडव, पण गार झाल्यावर. स्पिरिटशी घाई केलीस तर हात भाजेल. नंतर सवागीचा खडा दगडावर चंदनासारखा उगाळून ते गंध सांध्याला लाव.

पंखा बंद, दिवाही मालव. अंधारातच चांदीचा रंग कळतो. फुरफुरणारी टोकदार आच नको, गॅस जास्त आणि हवा कमी ठेवून मऊ, झुपकेदार आच घे. आधी सगळी वस्तू तापव, सांधा शेवटी. झाळ आचेकडे धावते. ती चमकून पळाली की त्याच क्षणी आच हटव. सांधे अनेक असतील तर जमतील तेवढे एकाच तापात घे. दर तापागणिक ते लाल आणखी खोल जातं.

मग कोमट ॲसिड. तयार करताना आधी पाणी, त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. माझे वडील तुरटीच्या उकळत्या पाण्यावरच भागवायचे, तेही चालतं. लोखंडी तारेनं बांधलं असेल तर तार सोडून मग टाक, आणि लोखंडाचा चिमटा त्यात घालू नकोस. लोखंड लागलं की पाण्यातलं तांबं चांदीवर चढतं आणि सगळा घाणा गुलाबी होतो.

माझा तांब्याचा चिमटा काकूनं फडक्यात गुंडाळून ठेवलाय. रविवारी येऊन घेऊन जा.