गिऱ्हाईक नसलेल्या महिन्यांसाठी

माथेरानला मे महिन्यात कुणाला उसंत नसते आणि जुलैत कुणाला काम नसतं. दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत पर्यटकांचं सामान, पर्यटकांची पोरं आणि त्यांची चिडचिड वाहणाऱ्या माणसांचं वर्ष या दोन टोकांत जातं. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद असते; अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते. शनिवार-रविवारी भिजायला येणारे येतात, पण त्यांच्यावर घर चालत नाही. घोडा मात्र रोज खातो. मग उधारी वाढते, दारू वाढते, झोप उडते. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे तिथं जायचं तर आख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. डॉक्टर लागतातच, पण डॉक्टरपर्यंत पोचण्याआधीचे जे महिने असतात, ते शेजाऱ्यानंच सांभाळायचे असतात. ते कसे सांभाळायचे, याची ही कृती. महाबळेश्वर-पाचगणीलाही ती थोड्याफार फरकानं चालेल.

साहित्य : पाच-सहा माणसं, एक खोली, चहा, एक वही, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन (पावसात एकाची तरी रेंज जातेच) आणि गावातल्या डॉक्टरांशी आधी झालेलं बोलणं. पैसे फारसे लागत नाहीत.

पहिलं काम माणसं निवडण्याचं, आणि ते मे संपायच्या आत उरकायचं. सभा बोलावून निवड करू नका. सभेत जो मोठ्यानं बोलतो तोच निवडला जातो. त्याऐवजी वेगवेगळ्या आळ्यांतल्या वीसेक लोकांना एकेकटं गाठून विचारा : रात्री अकरा वाजता जीव घाबरा झाला, तर तुम्ही कुणाचं दार वाजवाल? तीच तीच नावं पुन्हा येऊ लागतील. ती तुमची माणसं. त्यांत एक घोडेवाला, एक रिक्षा ओढणारा किंवा हमाल, बाहेरगावाहून हॉटेलात कामाला आलेला एखादा पोरगा आणि दोन तरी बायका हव्यात. चिक्कीच्या, चपलांच्या दुकानात बसणाऱ्या बाईला गावातलं बरंच काही न विचारता कळत असतं. नगरसेवक, संघटनेचा अध्यक्ष, हॉटेलमालक आणि व्याजानं पैसे देणारा यांना घेऊ नका. माणसं चांगली असतीलही, पण ज्याच्या हातात आपली रोजी आहे त्याच्यासमोर कुणी रडत नाही.

इथं माथेरानपुरती एक अडचण आहे. ई-रिक्षा आल्यापासून घोडेवाले आणि रिक्षावाले यांच्यात ताण आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्यावर पोटाचा प्रश्न आणखी टोकाला गेला. ‘इथं तो विषय नको’ असा नियम करण्याचा मोह होईल. करू नका. ज्या गोष्टीनं माणसाची झोप गेली आहे तीच बाहेर ठेवून तो बोलणार काय? नियम एवढाच करा, की या खोलीत निवेदन लिहिलं जाणार नाही आणि कुणाची बाजू घेतली जाणार नाही. दोन्ही बाजूंची माणसं मदतनीसांत असतील तर हे जमतं.

दुसरं, शिकणं. दोन दुपारी पुरतात, पण त्या शिकवायला समुपदेशक किंवा डॉक्टर बोलवा. मानसिक प्रथमोपचाराची जागतिक आरोग्य संघटनेची तीन पावलं आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. आपल्याकडे दुसरं पाऊल सगळ्यांत कच्चं. ‘टेन्शन नको घेऊ’, ‘सगळ्यांचंच असं चाललंय’, ‘बायकापोरांकडे बघ’ ही तीन वाक्यं मदतनीसांनी आधी विसरायची. जोड्या करून सराव करा. एकानं म्हणायचं, ‘झोप लागत नाही रे.’ दुसऱ्यानं विचारायचं, ‘कधीपासून?’ आणि गप्प बसायचं. ते गप्प बसणंच अवघड जातं. सरावाचा निम्मा वेळ त्यातच जाऊ दे.

ऐकून झालं की माणसाला त्याच्या गुंत्यातली एकच अडचण निवडू द्यायची आणि पुढच्या भेटीपर्यंत करता येईल असं एकच छोटं काम त्याच्याच तोंडून ठरवून घ्यायचं. सावकाराला एकट्यानं भेटायची भीती वाटते, तर भावाला बरोबर नेणं. दिवसभर अंथरुणात पडून राहणं होतं, तर सकाळी घोड्याला स्वतः खरारा करणं. हे साधं वाटतं, पण झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या बाकावर आज्यांना बसवून याच पद्धतीनं काम उभं केलं, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा गुण दिसला. आपल्याजवळचं उदाहरण ‘आत्मीयता’ या मानसिक आरोग्याच्या कामाचं. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत सुरू होऊन ते पुढे गुजरातेत मेहसाण्याला गेलं. तिथंही मदत करणारे गावकरीच.

तिसरं, जागा आणि वेळ. देऊळ नको, मशीद नको, पक्षाचं कार्यालय नको, हॉटेलचा हॉल तर नकोच. नगरपरिषदेच्या शाळेतली किंवा वाचनालयातली खोली मागा. दारावर पाटी लावू नका. आठवड्याचा एक वार ठरवा आणि तो पावसानं, सणानं, कशानंही मोडू नका. दोनच माणसं आली तरी चहा टाका. बायकांची बैठक वेगळी आणि दुपारी ठेवा. नवरा दारू पितो हे कोणती बाई त्याच्या मित्रांसमोर सांगेल?

चौथं, गुपित राखणं. सगळी कृती फसते ती इथंच. २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत भरलेलं हे गाव. सकाळी कोण कुठं गेलं ते दुपारपर्यंत बाजाराला माहीत. म्हणून वहीत नावं लिहायची नाहीत. तारीख, किती जण आले आणि कुणाला पुढं पाठवायचं का, एवढंच. फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅप गट नाही. ऐकलेलं घरी बायकोलाही सांगायचं नाही. रस्त्यात भेट झाली तर ‘आता बरं वाटतंय का’ असं विचारायचं नाही, नेहमीसारखा रामराम-सलाम करायचा. ज्या मदतनीसाकडून एकदा गोष्ट फुटली, त्याला त्याच आठवड्यात निरोप द्या, तो कितीही जवळचा असो. अपवाद एकच, जिवाला धोका असेल तेव्हाचा. आणि तो अपवाद आहे, हे बैठकीच्या सुरुवातीला दर वेळी बोलून दाखवायचं.

पाचवं, धोक्याची वेळ. कुणी ‘आता पुरे झालं’ अशा सुरात बोलू लागलं तर थेट विचारा : जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, दारू आणि घातक वस्तू दूर करा, घरचं एक विश्वासाचं माणूस बोलवा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा; फुकट, चोवीस तास, मराठीतही. त्याच वेळी गावातल्या डॉक्टरांना कळवा. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असली तरी रुग्णवाहिकेला मुभा आहे. तिच्या चालकाचा नंबर आणि कर्जतच्या सरकारी रुग्णालयाचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर हवा. ‘पोलीस केस होईल’ म्हणून घरचे लपवायला बघतात. त्यांना सांगा, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र तणावाखाली असलेला मानतं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर सोपवतं.

दारूचं वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ बैठकीत घालू नका. एकदम सोडल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. आधी डॉक्टर, मग पुण्याच्या मुक्तांगणसारखं केंद्र, आणि परत आल्यावर तुमची बैठक. परतल्यानंतरचे महिने कुठलंच केंद्र इथं येऊन सांभाळत नाही, ते तुम्हीच सांभाळायचे.

अर्ज भरणं हेही याच कामात धरा. रेशनकार्डातलं नाव, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, बँकेचा हप्ता पुढं ढकलण्याचं पत्र. पुष्कळांची झोप एवढ्यानंही परत येते.

मदतनीसांनी महिन्यातून एकदा आपसांत बसायचं, नावं न घेता मनावरचं ओझं उतरवायचं, आणि ज्याला थकवा आला असेल त्यानं एक महिना सुट्टी घ्यायची. दिवाळीचा हंगाम लागला की कुणाला वेळ नसतो. तेव्हा बैठक पंधरा दिवसांनी ठेवा, पण बंद करू नका. हंगामात हातात पैसा येतो आणि उधारीवाले दारात येतात, तेही त्याच आठवड्यात.

हे वाचताना तुमच्या गावात मे चालू असेल, तर दस्तुरीवर गिऱ्हाईकाची वाट बघतानाच त्या वीस जणांपैकी पहिल्या तिघांना विचारून घ्या. जूनमध्ये सुरू केलेली बैठक रुळायला ऑगस्ट उजाडतो, आणि तोवर निम्मा पावसाळा संपलेला असतो.