वाहत्या नदीकाठीही काटकसर



पवित्र कुरआनच्या सूरह अल्-आराफमधील ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा देतानाच उधळपट्टीला मनाई केली आहे. उधळे लोक अल्लाहला आवडत नाहीत, असेही तेथे स्पष्ट केले आहे. या उधळपट्टीलाच 'इसराफ' म्हणतात. इसराफ म्हटले की लग्नातील जेवणावळी आठवतात. वुजूचे पाणी मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रेषितांची (स.) शिकवण

इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आला आहे. आदरणीय सअद (रजि.) वुजू करीत असता प्रेषित मुहम्मद (स.) तेथून गेले आणि ही कसली उधळपट्टी, असे त्यांनी विचारले. वुजूतही उधळपट्टी असते का, असे सअद (रजि.) यांनी विचारताच, वाहत्या नदीवर असलात तरीही, असे उत्तर मिळाले. या हदीसच्या सनदीविषयी हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली आहे. परंतु बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आदरणीय अनस (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) एका 'मुद' पाण्यात वुजू करीत. मुद म्हणजे भरलेली एक मोठी ओंजळ. आजच्या हिशेबाने साधारण पाऊण लिटर.

आता आपला हिशेब पाहा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा नळ वुजू संपेपर्यंत दोन मिनिटे उघडा राहिला, तर बारा लिटर पाणी जाते. हे मुदच्या सोळा पट झाले. शंभर नमाजींचे एका वेळचे बाराशे लिटर होतात.

थेरगावची पवना

पवना धरणातून सोडलेले पाणी रावेत येथे उचलून शहराला पुरविले जाते. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. म्हणजे आपण वाया घालवितो ते पाणी कोणाच्या तरी हंड्यातले असते.

तीच नदी पुढे थेरगावला येते. येथील केजुदेवी बंधाऱ्यावर पाण्यावर पांढरा फेस तरंगल्याचे थेरगावकरांनी अनेकदा पाहिले आहे. प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि त्यातील साबण-रसायने यांमुळे असा फेस होतो. त्याच सांडपाण्यातील नत्र व स्फुरद खाऊन जलपर्णी माजते, पाण्यावर छत धरते आणि खालच्या जीवांचा प्राणवायू हिरावते.

पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनी जलाशयात जाते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. शेजाऱ्याच्या हक्काविषयी इस्लामने किती ताकीद दिली आहे, हे आपण जाणतो. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा माणूस आपला शेजारी नाही काय? पाणवठा, रस्ता आणि सावलीची जागा घाण करणे हे लोकांचा शाप ओढवून घेणारे कृत्य आहे, असा इशारा हदीसमध्ये आहे.

तरुणांचे काम

या नदीसाठी झटणारे लोक आपल्या अवतीभवती आहेत. थेरगाव सोशल फाउंडेशन ही तरुणांची संघटना नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न मांडत आली आहे. वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने पवना जलपर्णीमुक्त करण्याची मोहीम २०१७ मध्ये हाती घेतली. आपल्या मुलांनी अशा कामात जावे का, अशी शंका काही पालकांना येते. त्यांनी 'हिल्फुल फुजूल' आठवावा. प्रेषितत्व मिळण्यापूर्वी मक्केत, अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी, पीडितांना न्याय मिळवून देण्यासाठी झालेल्या या करारात प्रेषित (स.) सहभागी होते. पुढेही असे बोलावणे आले तर आपण जाऊ, असे ते म्हणत. सत्कर्मात परस्परांना साहाय्य करण्याची आज्ञा सूरह अल्-माइदाच्या दुसऱ्या आयतीत आहे.

परंतु जलपर्णी काढणे म्हणजे वरची पाने खुडणे होय. मूळ आपल्या मोऱ्यांत आहे. म्हणून मोहल्ल्यातील युवक मंडळाने पुढील क्रमाने काम करावे.

१. नळाखाली बादली ठेवून प्रत्येकाने स्वतःच्या वुजूचे पाणी मोजावे. मुलींनी हाच प्रयोग घरी करावा.

२. मशिदीच्या व घरच्या गळक्या तोट्या बदलाव्यात. नळ बारीक सोडण्याची किंवा तांब्याने वुजू करण्याची सवय लावावी. वुजूचे वापरलेले पाणी झाडांना द्यावे.

३. नदीत उघडी वाहणारी गटारे कोठे आहेत ते नोंदवून महानगरपालिकेकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा पाठपुरावा करावा.

४. त्यानंतर वडीलधाऱ्यांसह, हातमोजे घालून काठाच्या स्वच्छतेस जावे. पाण्यात उतरू नये.

हा क्रम उलटा झाला, तर काठावर छायाचित्रे निघतील आणि घरचा नळ वाहतच राहील. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची एक शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकविले. मग जी घाण आपणच नदीत सोडतो, ती थांबविणे हे किती अगत्याचे ठरते, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. पालकांनो, मुलांना उपदेश करण्यापूर्वी आज मगरिबच्या वुजूला आपलाच नळ बारीक करा. मुले पाहून शिकतात.

पाणी ही अल्लाहची अमानत आहे आणि प्रत्येक देणगीचा जाब द्यावयाचा आहे. ती जपण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.