प्राथमिक शाळेतील संगीत : क्रमबद्ध शिक्षणाचा आराखडा

प्रत्येक प्राथमिक शाळेचा दिवस गाण्याने सुरू होतो. परिपाठात राष्ट्रगीत होते, प्रार्थना होते, एखादे समूहगीतही होते. जेथे रोज एवढे गायन घडते तेथे संगीत शिकविले जात नाही, हे म्हणणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु वस्तुस्थिती बहुतांशी तशीच आहे. म्हणवून घेणे निराळे आणि शिकविणे निराळे. पाढे मोठ्याने म्हणवून घेतले आणि बेरीज कधी शिकविलीच नाही, तर गणिताचे शिक्षण झाले असे कोणी मानणार नाही.

याचा परिणाम स्नेहसंमेलनाच्या सुमारास दिसतो. पाचसहा सुरेल मुले निवडली जातात व उरलेली टाळ्या वाजवितात. एखाद्या मुलास “तू मागे उभा राहा, नुसते ओठ हलव” असेही सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु त्या मुलाचे गाणे तेथेच थांबते, ते पुष्कळदा जन्मभरासाठी. प्राथमिक शाळेत संगीताचा क्रम हवा तो या मागच्या रांगेतील मुलासाठी. निवडलेली मुले कशीही गातीलच.

पूर्वपीठिका

अनेक विद्यार्थ्यांना एकत्र बसवून क्रमाने संगीत शिकविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षांनी मिळणारी विद्या त्यांनी वर्ग, स्वरलिपीतील पाठ्यपुस्तके व परीक्षा यांच्या चौकटीत आणली. १९३१ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंत परीक्षा घेणाऱ्या या मंडळाचे संकुल नवी मुंबईत वाशी येथे आहे. प्राथमिक शाळेने मात्र या परंपरेतील क्रम घ्यावा, परीक्षा घेऊ नये. सहा वर्षांच्या बालकास रागाचे वादी-संवादी पाठ करावयास लावणे म्हणजे भाषेआधी व्याकरण शिकविणे होय.

हंगेरी देशात संगीतकार झोल्तान कोदाय यांनी हाच विचार बालशिक्षणात आणला. त्यांच्या प्रेरणेने १९५० साली केचकेमेत या त्यांच्या जन्मगावी संगीतप्रधान प्राथमिक शाळा सुरू झाली. मुलांनी प्रथम आपल्या मातृभाषेतील लोकगीते गावीत, स्वर आधी कानाने ओळखावेत व खुणा मागाहून शिकाव्यात, हे त्यांच्या पद्धतीचे सार. ते आपल्या शाळांनाही मानवण्यासारखे आहे.

गाणी कोठून घ्यावीत ?

नवी मुंबई परिसरात या प्रश्नास विशेष अर्थ आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभारण्यात आले. बहुतेक भातखाचरे व मिठागरे गेली, आणि कामाबरोबर गाण्याचे प्रसंगही गेले. तरी पनवेल व उरणकडील आगरी-कोळी घरांत अजून जुनी गाणी आठवणाऱ्या स्त्रिया भेटतात. लग्नाचे विधी गाऊन पार पाडणाऱ्या धवलारिणीचे तर या समाजात मानाचे स्थान आहे. शिक्षकाने अशा आजीबाईंना सन्मानाने वर्गात बोलवावे. धवला हे विधीचे गाणे असल्याने, शाळेत कोणते म्हणावे व कोणते म्हणू नये, हे त्यांनाच विचारावे. वर्गात परप्रांतातून आलेली मुले असल्यास त्यांच्या घरचेही एक गाणे घ्यावे.

चार वर्षांचा क्रम

आठवड्यास अर्ध्या तासाच्या दोन तासिका व परिपाठातील पाच मिनिटे एवढा वेळ पुरेसा आहे.

इयत्ता पहिली : लयीत चालणे, थांबणे व टाळी देणे. उंच-खालचा, दीर्घ-ऱ्हस्व, मोठा-हळू नाद ओळखणे. परिसरातील चारपाच लहान गाणी.

इयत्ता दुसरी : आठ मात्रांचा केरवा व सहा मात्रांचा दादरा. सा, रे, ग हे तीन स्वर हाताच्या उंचीने दाखवून गाणे.

इयत्ता तिसरी : सा, रे, ग, प, ध हे भूपातील पाच स्वर, त्यांचे सोपे अलंकार व त्यांत बसणारी गाणी.

इयत्ता चौथी : सात शुद्ध स्वर. भातखंडे स्वरलिपीची ओळख : मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. आपल्या गावातील एक गाणे वर्गाने मिळून लिहून ठेवणे.

नमुना पाठ : इयत्ता दुसरी, केरवा

प्रस्तावना : मुलांना येणारे गाणे म्हणवून घ्यावे व त्याबरोबर पावले टाकावयास सांगावे.

हेतुकथन : “आज या गाण्याची पावले मोजू या.”

विषयप्रतिपादन : एक ते आठ मोजावे. पहिल्या मात्रेवर टाळी द्यावी. पाचवीवर टाळी न देता तळवा उघडून दाखवावा. मोजणी पक्की झाल्यावरच ‘सम’ व ‘खाली’ हे शब्द सांगावेत.

दृढीकरण : निम्म्या वर्गाने गावे, निम्म्याने ताल द्यावा, नंतर अदलाबदल करावी.

उपयोजन : मुलांनी घरातील एखादे गाणे ऐकून ते आठ मात्रांत बसते का, हे दुसऱ्या दिवशी सांगावे.

स्वर न जुळणारे मूल

स्वर न जुळणे हा बहुधा कानाचा दोष नसतो. गोंगाटात मुलास स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणून वर्गाने हळू गावे. मुलास खालून वर आवाज चढविण्याचा खेळ द्यावा, जशी लांबून जवळ येणाऱ्या वाऱ्याची शीळ. मूल ज्या स्वरावर स्थिरावेल तो शिक्षकाने प्रथम आपण धरावा. तेथून एकेक पायरी त्यास सोबत न्यावे. आपला स्वर दुसऱ्याच्या स्वराशी मिळाला, हा अनुभव एकदा आला की पुढील वाट सोपी होते.

पुरुष शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलांचा आवाज त्यांच्या आवाजाहून सुमारे एक सप्तक उंच असतो. शिक्षक खर्जात गाऊ लागला की कित्येक मुले त्याच्यामागे खाली उतरू पाहतात व घोगरी होतात. अशा वेळी एखाद्या मुलीच्या आवाजातून स्वर द्यावा.

गाता न येणारा शिक्षक

अनेकांची खरी अडचण ही असते. परंतु या क्रमास गवई लागत नाही. लयीत टाळी देणारा व लक्षपूर्वक ऐकणारा शिक्षक लागतो. आधारस्वरासाठी भ्रमणध्वनीवरील तंबोरा चालतो. गावातील भजनी मंडळातील जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

मूल्यमापन

गुण देऊ नयेत, नोंद ठेवावी. ‘ताल धरतो’, ‘सा मिळवितो’, ‘गटात गातो’ अशा साध्या वाक्यांची नोंद पुरे. अभ्यासविषय व अभ्यासेतर उपक्रम यांत कडक भिंत नसावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस प्रत्येक शाळेने आपल्या गावातील एक गाणे आणावे, म्हणजे वर्षभरात केंद्राचा गीतसंग्रह तयार होईल. आणि स्नेहसंमेलनाचे समूहगीत बसविताना सबंध वर्ग उभा करावा. आवाज थोडा ओबडधोबड होईल. तो होऊ द्यावा.