फळ्यापासून मोबाइलपर्यंत

बी.एड.चे छात्राध्यापक पाठ टाचणातील ‘शैक्षणिक साधने’ या रकान्यात आता प्रोजेक्टर व मोबाइल लिहितात. हे स्वागतार्ह आहे; परंतु शेजारी एक प्रश्नही लिहावा : हे साधन कोणापर्यंत पोहोचत नाही?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांचा प्रवेश झाला. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यास फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागील डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला. फळा सर्वांसमोर होता. त्याच्याजवळ जाण्याचा हक्क सर्वांना नव्हता.

टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग भरले, तेव्हा मोबाइल नसलेल्या घरातील मूल असेच फळ्यापासून दूर राहिले. म्हणून साधनाइतकाच त्याचा वापर महत्त्वाचा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार त्यांना लाभला. उलट, सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजताच टीव्ही व मोबाइल दीड तास बंद ठेवून मुलांना अभ्यासास बसवण्याचा निर्णय गावाने घेतला. साधन केव्हा हाती घ्यावे व केव्हा खाली ठेवावे, हे दोन्हीकडे माणसांनीच ठरवले.

छात्राध्यापकांनी एका मोबाइलभोवती चार-पाच मुलांचा गट करावा, हाताळण्याची पाळी प्रत्येकाला द्यावी आणि पहिली पाळी ज्याच्या घरी मोबाइल नाही त्याला द्यावी. वर्गातील समता अशा पाळीपासूनच सुरू होते.